पहाटेच्या वाटेवर परावर्ती पट्टीचा वापर

वसई तालुक्यातील भाजीपाला व फुले मुंबईच्या बाजारात वेळेवर पोचवायची तर बागायतदाराला अंधारातच घर सोडावे लागते. चंदनसार परिसरातून विरार स्थानकाकडे किंवा महामार्गावरील विरार फाट्याकडे पायी अथवा सायकलने जाताना वाहनांचा रस्ता टळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. चालकाने पाहून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तरी २५ मीटर संपतात. वाहन थांबण्यास आणखी जवळपास तेवढेच अंतर लागते. गडद कपड्यातील माणूस एवढ्या लांबून बहुधा दिसत नाही. चांगली परावर्ती पट्टी मात्र १०० मीटरच्या पलीकडूनही दिसते.

पट्टीचे कार्य

पट्टीवर काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत जातो, त्यामुळे चालकाला पट्टी उजळ दिसते. भडक पोपटी किंवा नारिंगी कापड दिवसा व संधिप्रकाशात उठून दिसते. रात्री त्यावर विसंबू नये.

खरेदी व पारख

बाजारात या पट्टीला ‘रेडियम’ म्हणतात. तिच्यात रेडियम नसते आणि याच नावाने साधे रंगीत स्टिकरही विकले जातात. म्हणून पट्टी अंधारात १५ पावलांवर ठेवून बॅटरी डोळ्यालगत धरून पाहावी. पट्टी लख्ख उजळली तर ती खरी. बॅटरी कमरेजवळ नेल्यास चमक कमी होते. तो दोष नव्हे.

कपड्यासाठी कापडी पाठीची, शिवता येणारी पट्टी घ्यावी. ती कामगारांचे सुरक्षा साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळते. सुरक्षा कपड्यांच्या आय.एस.ओ. २०४७१ या २०१३ च्या मानकात पट्टीची रुंदी किमान ५ सें.मी. आहे. वाहनांची चिकट पट्टी कापडावर टिकत नाही. ती प्लॅस्टिक क्रेट व सायकलच्या मडगार्डसाठी वापरावी.

पट्टी कोठे लावावी?

१) वाहनाचा खाली वळविलेला दिवा प्रथम पायांवर पडतो. म्हणून घोट्याच्या वर पट्टी अवश्य लावावी. हलणारे पाय पाहून चालकाला माणूस लवकर ओळखू येतो.
२) लुगडे किंवा साडी असल्यास घोट्याला व मनगटाला बांधता येणारे पट्टे शिवून घ्यावेत.
३) पाठीवरच्या गाठोड्याने जाकीट झाकले जाते. अशा वेळी गाठोड्यावर व पाटीच्या चारही बाजूंस पट्टी असावी. बांबूच्या पाटीला ती सुतळीने शिवावी.
४) पावसाळ्यात पट्टी रेनकोटच्या बाहेरून हवी. उघड्या मण्यांची पट्टी भिजल्यावर मंदावते. तेथे लोलकाची प्लॅस्टिक पट्टी बरी.

निगा

चिखल लागल्यास चमक जाते. पट्टी साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी. ब्रश घासू नये, पिळू नये, इस्त्री फिरवू नये. मणी झडून पट्टी काळवंडली की बदलावी.

पट्टी लावल्यावर एकदा रात्री घरच्या माणसाने नेहमीचा माल डोक्यावर घेऊन अंगणात चालावे आणि दुसऱ्याने बॅटरीने पुढून, मागून व बाजूने पाहावे. जेथून चमक दिसत नाही, तेथे पट्टी कमी आहे असे समजून त्याच आठवड्यात ती लावून घ्यावी.