दुखणे खांद्यात, कारण रक्तात

दोन्ही हात जोडून नमस्कार करा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. तळवे आणि बोटे एकमेकांना सपाट टेकतात का? की बोटांच्या सांध्यांपाशी फट राहते?

मधुमेही रुग्णाला तपासताना डॉक्टर कधी कधी नेमके हेच करायला सांगतात. या फटीला वैद्यकशास्त्रात ‘प्रेयर साइन’ असे नावच आहे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की बोटांचे सांधे आखडतात आणि हात पुरते जुळत नाहीत. फट दिसली म्हणजे मधुमेह झालाच असे नाही. संधिवाताने किंवा जुन्या दुखापतीनेही असे होते. पण साखर तपासून घ्यायला एवढे निमित्त पुरे आहे.

दुखणे म्हटले की आपण दुखऱ्या जागेकडेच पाहतो. गुडघ्याला तेल, कमरेला पट्टा. ताजी दुखापत असेल तर ते ठीक. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात, आणि तिचे मूळ पुष्कळदा त्या जागेपुरते नसते. खाल्लेल्या अन्नाचे शरीर काय करते, साखर वापरते की साठवते, म्हणजे आपला चयापचय कसा आहे, हेही तेव्हा पाहावे लागते.

खांद्याचे उदाहरण घ्या. चाळिशी-पन्नाशीनंतर एखाद्याचा खांदा हळूहळू धरतो. केस विंचरता येत नाहीत, हात पाठीमागे जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. हा ‘फ्रोजन शोल्डर’. मधुमेह असणाऱ्यांत तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि जास्त रेंगाळतो. सांध्याभोवतीचे वेष्टन मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे असते. रक्तातली जादा साखर या प्रथिनाला चिकटत जाते, त्याचे धागे एकमेकांत अडकतात आणि वेष्टन ताठ होते, असे यामागचे कारण मानले जाते. पाकात भिजून वाळलेला कपडा कसा कडक होतो, तसेच काहीसे.

गुडघ्याबाबत सगळेच म्हणतात, वजन कमी करा. ते खरेच आहे. शरीराचे एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. पण सगळा हिशोब भाराचाच नाही. लठ्ठ व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांचे सांधे झिजण्याचे प्रमाणही जास्त असते, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही! पोटातली चरबी नुसती पडून नसते. दाह वाढवणारी रसायने ती सतत रक्तात सोडत राहते आणि ती सर्व सांध्यांपर्यंत पोहोचतात.

म्हणून जुनाट दुखणे असेल तर कमरेचा घेर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्या. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. तळपाय जळजळत असतील तर बी१२ सुद्धा तपासा. आपल्यापैकी बरेच जण शाकाहारी आहेत, आणि मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेतल्यानेही हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते.

आता आहार. येथे उपवासाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी गोड रताळे, अशा दिवशी साखर रोजच्यापेक्षा जास्त चढते. शरीराला विश्रांती द्यायची असेल तर ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, थोडी भगर पुरे. मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. इतर दिवशी पानात उसळ-भाजी वाढवा आणि पोळी-भात त्या मानाने कमी घ्या. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. झोपेला कमी लेखू नका. अपुऱ्या झोपेने दुखणे अधिक तीव्र जाणवते आणि साखरही बिघडते.

‘प्रारब्ध आहे, भोगून संपवू’ असे म्हणून अनेक जण तपासणीच टाळतात. मला हे पटत नाही. धैर्याने सोसणे वेगळे आणि उपाय असताना न करणे वेगळे. दुसऱ्या टोकाला काही जण रोज वेदनाशामक गोळी घेऊन सत्संगाला बसतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांच्या मूत्रपिंडांना ही सवय फार महाग पडते. दुखण्याबरोबर ताप, नकळत घटणारे वजन, पायातली ताकद जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही दिसले, तर मात्र घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका.

धरलेला खांदा सुटायला एक ते तीन वर्षेही लागतात, हे आधीच माहीत असलेले बरे. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर चढत जा, जिथे हात थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा.