घरी राहिलेल्या लेकीस

बार्शी

चि. छकुली हिस,


दादा-वहिनीची ऊसतोडीची टोळी कारखान्यावर पोचल्याचं कळलं. आता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घरात तू, बारका आणि आजी. दहावी नेमकी याच वर्षी, आणि बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे बहुतेक ती दोघं परतायच्या आतच. म्हणून हे लिहिते.

आधी फोनचं. तिकडून विचारलं की तू "समदं बरं हाय" म्हणून मोकळी होतेस. गेल्या साली आजीला ताप भरला तेव्हाही हेच. तुझं कारण मला ठाऊक आहे. कोयता नवरा-बायकोचा जोडीनं मोजतात. एक जण गावाकडं निघाला की दोघांचं काम मोडतं, खाडा पडतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर तशीच राहते. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तरी उचल फिटायची धास्ती काही गेली नाही. हा हिशेब तुला पंधराव्या वर्षी कळतो याचं मला कौतुक कमी, वाईट जास्त वाटतं. पण पोरी, तू लपवलंस की तिकडचा घोर वाढतो. तुझा आवाज जरा बसलेला वाटला तरी वहिनी दिवसभर मोळ्या बांधता बांधता तेच घोकत बसते, तिनंच मला सांगितलंय. तेव्हा खरं सांग, आणि तू काय केलंस तेही सांग: ताप आहे, परंड्याला दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू आहेत, आत्याला कळवलंय. मग यायचं की राहायचं ते त्यांचं ते ठरवतील. ते ओझं तुझ्या डोक्यावर नको. फोन दिवस मावळताना कर. पहाटे ते फडात असतात, रात्री गाडी कधी भरायला येईल याचा नेम नसतो, आणि कोपीत लाईट नाही तर चार्जिंग कुठलं!

बारक्याचं नाव शाळेतल्या हंगामी वसतिगृहात घाल. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठीच ते चालवतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं होतं. "आम्ही काय भिकारी आहोत का," असं आजी म्हणेल. म्हणू दे. तुझा चुलीपुढचा वेळ वाचतो, तो अभ्यासाला लागतो. त्याला शिस्त लावायच्या नादात मात्र सारखी रागावू नकोस. आई आठवली की तो तुझ्याशीच भांडणार, दुसरं आहे कोण त्याला?

रेशनचं दादाला सांगून ठेव. कार्ड आता देशात कुठंही चालतं, पण तिकडच्या दुकानात फक्त त्या दोघांचं धान्य उचलायचं. तुमचं तिघांचं, माणशी पाच किलो, गावातच घ्यायचं. आजीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, तेव्हा दुकानात तू जा. आणि पंधरावं पूर्ण झालं की आधारचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, ते एका शनिवारी परंड्याला उरकून घे.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते. आई-बाप उसाला, पोर वयात आलेली, हे पाहून कुणी ना कुणी स्थळ घेऊन ओसरीवर येऊन बसेल. आपल्या भागात हे दर हंगामाला होतं. आजी कदाचित हो म्हणेल, कारण रात्री कडी वाजली तरी ती दचकून उठते. तिची भीती खोटी नाही. म्हणून थोरल्या काकूंना रात्री तुमच्याकडं निजायला येत जा म्हणून मीच सांगितलंय. पण भीतीवर लग्न हा इलाज नव्हे. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे आणि गावात ते थांबवायची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची, आहे. अंगणवाडीच्या बाईंना सांगितलंस तरी चालेल, नाहीतर 1098 लाव. पैसे पडत नाहीत. पाहुणे दुखावतील, आणि चैत्रात सोनारीच्या यात्रेत भेटले तर तोंड फिरवतील. फिरवू देत.

तुझी वही गेल्या खेपेला चाळली. भूमिती बरी आहे, इंग्रजीचं पत्रलेखन कच्चं आहे. दर रविवारी एक पत्र लिहून फोटो पाठव, मी तपासते. पेपरांच्या आधी दोन दिवस मी रजा टाकून येते आणि शेवटच्या पेपरापर्यंत राहते. त्या दिवसांत चुलीजवळ तू फिरकायचं नाहीस, हे आजीला आत्ताच सांगून ठेव. ती ऐकायला वेळ घेते.

तुझी,
आत्या