नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी ऐक, धाकटे

दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर बघून ठेवलास म्हणतेस. थांब जरा, पैसे पर्समध्येच राहू दे. घेऊच नको असं मी म्हणत नाही, पण आधी मला सांग, तुझ्या त्या छोट्या ॲम्पचं दुखणं नेमकं काय आहे? ‘आवाजात मजा नाही’ हे काही दुखणं झालं नाही बाई.

खोक्यावरच्या वॅटला तर भुलूच नकोस. पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडूनच दे, आरएमएस किती ते विचार. आणि खरे वॅट दुप्पट झाले तरी आवाज दुप्पट होत नाही. १० चे २० वॅट केले की भर पडते फक्त ३ डेसिबलची, म्हणजे ‘थोडा वाढला का गं?’ असं वाटण्याइतकी. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॅट लागतात. रात्री जेवणं आटोपल्यावर तू किशोरीताईंचा भूप लावतेस, तेव्हा तुझा ॲम्प जेमतेम एखादा वॅट देत असतो. आपल्याला काय वरातीतला डीजे घरात आणायचाय?

तेव्हा एकेक दुखणं वेगळं काढ. गाणं बंद असताना घुंई येते का? लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघ. घुंई थांबली तर अर्थिंगचा घोटाळा आहे, ॲम्पचा दोष नाही. बटण फिरवताना खरखरतं? आत धूळ बसलीय. ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मार आणि बटण दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरव. नाहीच गेलं तर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून व्हॉल्यूमचा पॉट बदलून घे, स्वस्तातलं काम आहे.

एकट्या गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. तो कुठेच सापडत नसेल आणि तबल्याचा बायाही पोकळ वाटत असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय. सरळ कर, फरक लगेच कळेल. वायर दीड एमएमची तांब्याची घे, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती. चार-पाच मीटरला तेवढी पुरे. एक मात्र लक्षात ठेव, या छोट्या डिजिटल ॲम्पची दोन्ही काळी टोकं एकमेकांना कधी जोडायची नाहीत. जुन्या डेकच्या स्पीकरना कधीकधी मायनस एकच असतो, दोन्ही बाजूंना मिळून. तसे स्पीकर लावलेस तर ॲम्प उडालाच समज.

आता ॲडॉप्टर. खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते. या डब्यांत बहुधा टीपीए ३११६ नावाची आयसी असते, ती साडेचार ते २६ व्होल्टवर चालते. दुकानदार मात्र सोबत १२ व्होल्टचा हलका ॲडॉप्टर देऊन मोकळा होतो. १२ व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला हिशेबाने फार तर नऊ वॅट मिळतात, १९ व्होल्टवर बावीसच्या आसपास. ढोलकीची थाप जोरात पडली की आवाज फाटतो ना तुझ्याकडे? ही वरची जागा मिळाली की तो फाटायचा थांबतो. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर घरात पडला असेल तर तोच लाव. आधी पिन नीट बसते का, मधलं टोक प्लस आहे का, बघून घे. २४ व्होल्टची हाव धरायची असेल तर झाकण उघडून मोठ्या कपॅसिटरवर काय छापलंय ते वाच. २५ व्होल्ट असेल तर काठावरचं काम आहे, ३५ व्होल्टचे बसवून घे.

हे ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे शेतातले पंप सुरू झाले आणि दिवे मंदावले तरी गाणं चालू राहतं. पण जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा, आळस करायचा नाही. आणि तू राहतेस घाटाखाली, नांदुऱ्याला. आमच्या चिखलीपेक्षा तुमच्याकडचा मे महिना केवढा तापतो! त्यात तू ॲम्प ठेवलायस काचेच्या शोकेसमध्ये, वर भरतकामाचा रुमाल. काऊन गं, त्याला काय थंडी वाजते? रुमाल काढ, ॲम्प बाहेर उघड्यावर ठेव.

स्पीकरही शोकेसवरून खाली घे, काच थरथरते ती वेगळीच. कोपऱ्यात कोंबलेस तर बेस फुगतो आणि शब्द बुडतात. भिंतीपासून फूटभर पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला, आणि तुझ्यापासून दोघांचं अंतर सारखं. स्लॅब आणि फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून खाली सतरंजी अंथर, समोरच्या भिंतीला जाड पडदा लाव.

एवढं करूनही मन भरलं नाही, तर पैसे खर्च कर, पण ॲम्पवर नाही, स्पीकरवर. ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या जागी ८८ चा स्पीकर आणलास तर आहे त्याच ॲम्पचे वॅट दुप्पट केल्यासारखं होतं. खामगावला किंवा अकोल्याला दुकानात जाशील तेव्हा आपला ॲम्प, आपला ॲडॉप्टर आणि रोजची दोन गाणी सोबत घेऊन जा. दुकानदार स्वतःच्या मोठ्या मशीनवर वाजवून दाखवेल, तर ‘माझ्यावर लावा’ म्हण. त्याने कां-कूं केलं तर सरळ पुढचं दुकान धर.