नाचणगावात बसून लाट वाचताना

नाचणगावाहून मुंबई रेल्वेने ७०० किलोमीटरांहून लांब. आमचं पाणी म्हणजे वर्धा नदी, आणि हवामानाचा अंदाज आम्ही ऐकतो तो कपाशीच्या काळजीनं. तरी दिवाळी झाली किंवा परीक्षा संपल्या की पुलगाव-देवळीकडची कितीतरी कुटुंबं कोकणात आणि गोव्याला जातात. समुद्र दिसला की पोरं धावत पाण्यात शिरतात. भरती कधीची, वारा कुठला, हे कुणी विचारलेलं नसतं.

मी सर्फिंग शिकले उत्तर गोव्यात, आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर. तिथं तळ वाळूचा आणि उतार सौम्य, म्हणून नवशिक्यांना तो सोसतो. बोर्डावर उभं राहण्याइतकीच मला गोडी लागली ती समुद्राचा अंदाज वाचण्याची. त्यातून जे उमगलं ते माझ्या भागातल्या लोकांसाठी लिहिते आहे. नुसतं कमरेइतक्या पाण्यात उभं राहणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

१. निघण्याआधी अंदाज बघा.

हैदराबादला समुद्र नाही, पण देशाच्या समुद्राचा अंदाज तिथूनच निघतो. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, ही १९९९ साली स्थापन झालेली संस्था लाटांची उंची, त्यांची दिशा, वारा आणि प्रवाह यांचा अंदाज रोज देते. मच्छीमारांना त्याचा मोठा आधार आहे, आणि तो आपल्यालाही मोफत मिळतो. किनाऱ्यासाठी उंच लाटांचा इशारा असेल, तर त्या दिवशी देवळं बघा, बाजार फिरा.

२. उंचीच्या शेजारी लिहिलेले सेकंद वाचा.

नवा माणूस फक्त उंची बघतो. एक मीटर म्हटलं की त्याला धीर येतो. पण एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते, हा पिरियडचा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे. खोल समुद्रात ६ सेकंदांच्या दोन लाटांमध्ये सुमारे ५५ मीटर अंतर असतं, १४ सेकंदांच्या लाटांमध्ये ३०० मीटरहून जास्त. म्हणजे उंची तेवढीच असली तरी दुसऱ्या लाटेत ऊर्जेचा फार मोठा साठा चालत असतो. ती उथळ पाण्यात येते तेव्हा जास्त उंचावते आणि जास्त जोरानं आपटते. नवशिक्यानं अर्धा-पाऊण मीटर उंचीचा आणि मध्यम पिरियडचा दिवस निवडावा.

३. आपल्याकडचं आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेलच असं नाही.

मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाची दारं उघडली की आमच्याकडे थेंबही पडलेला नसताना वर्धा फुगते. समुद्राचंही असंच आहे. वाऱ्यानं उठवलेली लाट वारा मागे राहिला तरी पुढे चालत राहते. तिला स्वेल म्हणतात. दक्षिण महासागरातल्या वादळात उठलेला १४ सेकंदांचा स्वेल दिवसाला ९०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडत साधारण आठवड्याभरात आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतो. १९६३ साली वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत केंद्रं मांडून अशा लाटांचा पॅसिफिकपारचा प्रवास मोजला होता. केरळात या दूरच्या स्वेलमुळे येणाऱ्या उधाणाला कल्लक्कडल म्हणतात. मार्च २०२४ च्या अखेरीस तिथं जवळपास वादळ नसताना समुद्राचं पाणी घरांत शिरलं होतं.

४. अंदाजातली उंची सगळ्यात मोठ्या लाटेची नसते.

अंदाजात जी उंची दिली जाते ती सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे आकडा १ मीटरचा असला तरी दीड मीटरची लाट त्याच दिवशी येऊ शकते, आणि एखादी जवळपास दुप्पटही. मोठ्या लाटा बहुधा तीन-चारच्या गटानं येतात आणि मधल्या वेळात पाणी निवांत वाटतं. त्या निवांतपणात लहान मुलाला खोलात नेऊ नका.

५. भरतीची उंची आणि लाटेची उंची वेगवेगळी.

पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत 'साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असं हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा तो आकडा भरतीचा असतो, म्हणजे पाण्याची पातळी किती चढणार याचा. लाटा त्या पातळीच्या वर उठतात. मुंबईत उधाणाची भरती एवढी चढते. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक उधाणालासुद्धा साधारण २ मीटरच असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच्याकडचा एक हिशेब मला फार आवडतो: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मुंबईच्या आसपास हा हिशेब बराच जुळतो, इतर ठिकाणी वेळ पुढे-मागे होते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नये. घरात दिनदर्शिका असतेच, तेव्हा ही सोय प्रत्येकाजवळ आहे.

६. सकाळ गाठा.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकातून पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे मला आश्वेच्या वाळूवर पहिल्यांदा अंगावर जाणवले. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो लाटेच्या तोंडावर येतो, तिला सावरून धरतो आणि पाणी गुळगुळीत ठेवतो. ऊन चढलं की वारा उलटतो. दुपारचा खारा वारा पाण्याचा पृष्ठभाग विस्कटून टाकतो, लाटा कशाही कोसळतात आणि शिकणाऱ्याला कोणती धरावी ते कळत नाही. हिवाळ्याच्या महिन्यांत हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो.

७. अंदाज खोल पाण्याचा असतो, लाट फुटते काठावर.

पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. एक मीटरची लाट छातीइतक्या पाण्यात कोसळते ती म्हणूनच. वाळूच्या किनाऱ्यावर ती खोली ठरते पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यांवर, आणि ते उंचवटे लाटांनीच सरकत असतात. गेल्या वर्षी जिथं सुरक्षित फेस मिळाला तिथं यंदा खड्डा असू शकतो. हे कुठल्याही अंदाजात लिहिलेलं नसतं. म्हणून मी पोहोचल्यावर आधी वाळूवर बसते आणि दोन-तीन मोठे गट येऊन जाईपर्यंत नुसती बघते: लाट कुठं फुटते, फेस कुठपर्यंत येतो, पाणी परत कुठून जातं.

८. जिथं लाटा फुटत नाहीत तिथं शिरू नका.

ही गोष्ट प्रत्येक विदर्भवासीयाला माहीत असायलाच हवी. काठावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि दोन उंचवट्यांमधल्या खोल चरातून वेगानं बाहेर ओढलं जातं. हा रिप करंट. वरून ती पट्टी सपाट, जरा गडद आणि मोठी शांत दिसते, आणि पोहता न येणारा माणूस नेमकी तीच निवडतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरका आणि लाटा फुटताहेत तिथून परत या. बोर्ड असेल तर तो सोडू नका. गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. त्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलं पाणी आपलं, आणि नुसता लाल झेंडा असेल तिथं पाय घालायचा नाही.

९. पावसाळा समुद्राचा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ आणि दर्याही खवळलेला. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारा कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होडी लोटतो. त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळत नाही. शिकायचं असेल तर ऑक्टोबरनंतर जा.

१०. नकार अंदाजाचा, होकार किनाऱ्याचा.

माझा नियम आता एवढाच आहे. अंदाज नको म्हणाला तर किनाऱ्यावर जाऊन मत बदलायचं नाही, प्रवास कितीही लांबचा असो आणि सुट्टी कितीही थोडी असो. अंदाज हो म्हणाला, तरी वाळूवर बसून आणि जीवरक्षकाला विचारून खात्री करायची. या दोन पायऱ्या नाचणगावातली कोणतीही आई, कोणताही शिक्षक सहलीच्या आधी मुलांना शिकवू शकतो. भरती-ओहोटीचा धडा आपल्या भूगोलात आहेच. सहलीची बस निघण्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा उघडा, आणि त्याच्या शेजारी उद्याचा समुद्राचा अंदाज ठेवून मुलांकडून वाचून घ्या.