बाहेर कुठून येणार?

चिंचवड,
सोमवार, रात्री

चि. बाबूस,

तुझ्या आईचा दुपारी फोन आला. शनिवारी सेकंड शिफ्ट सुटली की तू आणि तुझ्या लाइनवरची दोन मुलं चाकणहून गाडी काढणार, रात्रभर चालवून मालवण गाठणार, आणि भाड्याचे सिलिंडर पाठीला लावून, ना बोट ना गाइड, थेट खडपावरून पाण्यात शिरणार. सांगता सांगता ताई रडायला लागली. तिची समजूत मी काय घालणार? ती आबांची लेक आहे. समुद्र तिला माझ्याइतकाच ठाऊक आहे.

मला एकच सांग. पाण्यातून बाहेर कुठून येणार?

तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात तू रीतसर शिकलास, त्याचा मला अभिमान आहे. पण तिथे बोट होती, शिडी होती, वर हात द्यायला माणूस होता. किनाऱ्यावरून उतरणाऱ्याला यातलं काही नसतं, आणि अडवणारंही कोणी नसतं. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेली 14 मुलं बुडाली. तीही चालतच पाण्यात गेली होती. ती बातमी ऐकून तुझी आई तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती, विसरलास?

येत्या रविवारी पौर्णिमा आहे. आबांचा हिशोब तुला माहीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा ओहोटी संपत आलेली असेल, खडप उघडं पडलेलं असेल आणि उतरणं सोपं वाटेल. तुम्ही खाली असताना वर पाणी चढत राहील. मालवणला मुंबईएवढी भरती येत नाही, पण उधाणाला दोनेक मीटरचा फरक पडतो. ज्या दगडावर बसून फिन्स चढवलेस, त्याच दगडावर तासा-दीड तासाने लाटा फुटत असतील, आणि कालवं लागलेला दगड माणसाला सोलून काढतो. पाठीवर एवढं वजन घेऊन कुठून चढणार?

म्हणून आदल्या दिवशी जा. ओहोटीला जागा बघ, भरतीला तीच जागा पुन्हा बघ. बाहेर पडायच्या दोन वाटा ठरव, त्यातली एक तरी वाळूची असू दे. उतरण्याआधी तासभर नुसता बसून लाटा बघ, कारण मोठ्या लाटा थांबून थांबून येतात. सकाळी मतलई असते तोवर पाणी शांत असतं, दुपारी खारा वारा सुटला की खवळतं. कमरेएवढ्या पाण्यात स्वतःचे पाय दिसले नाहीत तर गाडीत बसून परत फिर. जाळी कुठे लावली आहेत ते तांडेलांना विचार. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे परवानगीशिवाय पाय घालू नकोस.

आणि सोमवारी तुझी फर्स्ट शिफ्ट! म्हणजे रविवारी संध्याकाळीच घाट चढणार. आंबोली समुद्रापासून सुमारे 690 मीटर उंच आहे. रक्तात मुरलेला नायट्रोजन निघून जायच्या आत उंचावर गेलास तर सांधे धरतात, कधी त्याहून वाईट होतं. एकदा उतरलास तर 12 तास, अनेकदा उतरलास तर 18 तास विमानात बसायचं नाही, हे तुला कोर्समध्ये शिकवलंच असेल. तोच हिशोब घाटाला लाव. रात्रभर गाडी, पहाटे डायव्ह आणि संध्याकाळी घाट, असं करू नकोस रे. हात जोडतो.

मी कोण तुला समुद्र शिकवणार? आयटीआय करून पिंपरीला आलो तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होतो. दर मे महिन्यात घरी जायचो. आबा पहाटे होडीकडे निघताना दारात क्षणभर थांबायचे, मी उठतोय का बघायचे. कारखान्याचा थकवा अंगात असायचा, मी पडून राहायचो. वाऱ्याच्या वासावरून, दगडाच्या ओलीवरून ते काय ओळखायचे, कधी विचारलं नाही. ते गेले आणि ते सगळं गेलं. माझ्यापाशी उरलंय ते पाऊणपटीचं गणित तेवढं, तेच तुला देतोय.

फार बोललो. रागावू नकोस. तू जाऊच नयेस असं मला वाटत नाही. आबांनी तो समुद्र आयुष्यभर वरून पाहिला. खाली प्रवाळ कसं दिसतं, ज्या माशांवर आपलं घर चाललं ते तिथे कसे फिरतात, हे आपल्या घरात पहिल्यांदा तूच पाहणार आहेस. ते ऐकायला आबा किती आतुरले असते! मीही आतुर आहे.

हा रविवार सोड. पुढच्या महिन्यात अष्टमीच्या सुमारास, भांगाचं पाणी असताना, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असताना, तीन दिवस रजा टाक. तिथला जाणता माणूस सोबत घेऊ. मीही येतो. माझ्या गुडघ्यांनी पाण्यात शिरवणार नाही, पण काठावर बसून घड्याळ बघेन आणि बाहेर येताना तुला हात देईन.

ताईला आजच फोन कर. मामीने कुळथाची पिठी काढून ठेवली आहे, येऊन घेऊन जा. रूमवर नुसत्या वडापाववर दिवस काढू नकोस.

तुझा,
मामा