झाडीपट्टीच्या नाटकात कर्ण्याची जागा

धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत गावोगावी नाटकांचा हंगाम सुरू होतो. हीच आपली झाडीपट्टी रंगभूमी. वडसा हे तिचे केंद्र. तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या नाटकांच्या कथानकांविषयी व गाण्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला संवाद कळतो का, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आईला वाचता येत नाही. तिला ठाऊक असलेल्या बहुतेक कथा तिने नाटकांत ऐकलेल्या आहेत. अशा प्रेक्षकाच्या कानापर्यंत शब्दच पोचला नाही, तर त्याचे नाटक बुडाले असेच म्हणावे लागेल.

घरच्या दिवाणखान्यात दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधला की काम भागते. तेथे ऐकणारा एक, येथे शेकडो. म्हणून येथील नियम वेगळे.

पहिला नियम असा, की कर्णे रंगमंचावर टांगलेल्या माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून असावेत. कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की तो फिरून फिरून वाढतो आणि शिट्टी वाजते. मग साऊंडवाला आवाज कमी करतो आणि मागचे लोक संवादाला मुकतात.

दुसरा नियम उंचीचा. जमिनीवर ठेवलेल्या पेटीचा आवाज पुढच्यांच्या डोक्यांनी अडतो. त्यातही स, श, त, क यांसारखे बारीक ध्वनी आधी हरवतात, आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यामुळेच. शिवाय उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ५ मीटरवर बसलेल्यापेक्षा ४० मीटरवरच्याला तो १८ डेसिबलने कमी मिळतो. कर्णा डोक्यांच्या वर बांधून त्याचे तोंड मागच्या रांगांकडे किंचित झुकवले, तर पुढच्यांचे कान किटत नाहीत व मागच्यांनाही शब्द कळतो.

तिसरा नियम मैदान लांब असल्यास. मध्यावर कर्ण्यांची दुसरी जोडी लावतात; परंतु तारेतून आवाज तत्काळ पोचतो, तर हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. ३४ मीटरवर एक दशांश सेकंदाचा फरक पडतो आणि एकच शब्द दोनदा ऐकू येतो. आता मागच्या जोडीचा आवाज तेवढाच उशिरा सोडणारी यंत्रे मिळतात. प्रथम पोचलेल्या आवाजाची दिशा कान खरी मानतो, हे हेल्मूट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखविले. म्हणून मागचा आवाज किंचित अधिक उशिरा सोडला, तर संवाद नटाच्या मुखातूनच आल्यासारखा वाटतो.

थंडीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार असते. त्यामुळे आवाज खाली वळून दूरवर जातो. उत्तररात्री तो थोडा उतरवला तरी चालते. शेजारच्या गावातील आजाऱ्यालाही झोप मिळते.

परीक्षा सोपी आहे. पडदा उघडण्यापूर्वी एकाने रंगमंचावरून वाद्यांशिवाय दोन वाक्ये बोलावीत व दुसऱ्याने अगदी शेवटी, खाली बसून ऐकावीत. दोन्ही जशीच्या तशी सांगता आली, तर कर्णे योग्य जागी आहेत. आपल्या स्नेहसंमेलनातही हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी प्राध्यापकांना व विद्यार्थी मित्रांना विनंती आहे.