कंबर दुखते? पाणी कोण भरतं?

चिता कॅम्पमध्ये सात महिन्यांची पोटुशी बाई कंबर धरून बसली की मी आधी विचारते, ताई, घरात पाणी कोण भरतं? गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचा भार पुढे ओढतो. त्यात कडेवर भरलेला हंडा. हंडा नवऱ्याने, दिराने उचलावा. त्यात लाज कसली? अगदीच वेळ आली तर दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या लहान बादल्या घ्या. उचलताना गुडघे वाकवा, कंबर नाही. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी. मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. मात्र कळ थांबून-थांबून येत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, तर ती नुसती कंबरदुखी नव्हे. रात्र असली तरी गोवंडीचं शताब्दी रुग्णालय गाठा.